पीडेशी बोलणी



ज्या डॉक्टरबाईंच्या स्मृतीसाठी आपण इथे जमलो आहोत, त्यांच्या दवाखान्यात येणारी बरीच माणसं आधी देवऋषाकडे जाऊन आलेली असत, असं त्यांना ओळखणारे सांगतात. बाई त्यांच्यावर कधी डाफरल्या नाहीत. ‘त्यानं काय सांगितलं?’ हे आधी विचारायच्या आणि मग नाडी बघायच्या. आजचा विषय मी त्यांच्या या प्रश्नातूनच घेतला आहे. देवऋषी, भगत, मांत्रिक, अंगात येणारी बाई, किंवा जगाच्या पाठीवर कुठेही अदृश्य शक्तींशी बोलून दुखरं मन बरं करू पाहणारा माणूस नेमकं काय करतो? त्यानं कुणाला बरं वाटतं का? वाटत असेल तर ते कशानं?

मी पेशानं मनोविकारतज्ज्ञ आहे. भूत नावाचं काही जगात आहे असं मी मानत नाही. पण भुताच्या भाषेत आपलं दुःख सांगणारी माणसं मी नोकरीभर पाहिली आहेत. ती बाहेरच्या बाधेची गोष्ट सांगताना आवाज खाली आणतात, कारण डॉक्टर हसतील अशी त्यांना धास्ती असते. त्या दबक्या आवाजातच बऱ्याचदा दुखण्याचं मूळ सापडतं. माझं आजचं म्हणणं असं आहे: पीडेला हाकलून लावणारे उपचार आणि पीडेशी बोलणी करणारे उपचार यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि आपण दोघांना एकाच शब्दात गुंडाळून मोकळे होतो. पहिल्या प्रकारात रुग्णाच्या अंगावर वळ उठतात. दुसऱ्या प्रकारात रुग्णाला कधीकधी असं काही मिळतं, जे आमच्या दवाखान्यात मिळत नाही. ते काय, हे पाहायला मी तुम्हाला आधी लांब, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेणार आहे.

सेनेगलची राजधानी डाकार ज्या द्वीपकल्पावर वसली आहे, तिथले जुने रहिवासी म्हणजे लेबू. मासेमारी हा त्यांचा परंपरागत धंदा, भाषा वोलोफ, धर्म इस्लाम. नमाज-रोजे पाळणारी माणसं. त्यांच्या काही घरांच्या अंगणात मात्र जमिनीत रोवलेली मडकी दिसतात. ते राबाचं ठाणं. राब म्हणजे माणसांच्या बाजूला राहणारा अदृश्य सोबती. कुणी कुळाबरोबर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला, कुणी पाण्यातला, कुणी झाडातला. शहरांनाही आपापले राखणदार आहेत: डाकारचा ल्युक दाऊर, सें लुईची माम कुम्बा बांग, रुफिस्कची माम कुम्बा लाम्ब. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. सीमेवरचा राखणदार, देवचार त्याच्या ओळखीचाच आहे.

हा राब रुसतो. कुळानं त्याचा मान द्यायचं सोडलेलं असतं. नाहीतर तो एखाद्या बाईच्या प्रेमात पडतो आणि तिचा संसार होऊ देत नाही. मग तिचं जेवण तुटतं, झोप उडते, ती घुमी होते, नवऱ्याजवळ जायला नको म्हणते, गर्भ टिकत नाही. औषधपाणी होतं, मौलवीचा ताईत होतो. गुण येत नाही तेव्हा घरचे लोक न्दॅप करायचं ठरवतात.

न्दॅप हा अनेक दिवस चालणारा विधी आहे. हंगेरियन वंशाचे मानववंशशास्त्रज्ञ आंद्रास झेम्पलेनी यांनी १९६० च्या दशकात त्याचा बारकाईनं अभ्यास केला. न्दॅप चालवणारी बहुधा बाई असते, आणि ती स्वतः कधीतरी अशीच आजारी पडून, न्दॅप होऊन उठलेली असते. ती आधी घरच्यांना गोळा करते. खर्च मोठा: बैल किंवा बोकड, कापड, धान्य, दूध, ढोलवाल्यांची बिदागी. तो सगळ्या कुटुंबानं मिळून उभा करायचा असतो. अबोला धरलेला भाऊ, लांब गेलेली मावशी, सगळ्यांना हातभार लावावा लागतो. म्हणजे ढोलावर पहिली थाप पडायच्या आधीच उपचार सुरू झालेला असतो. जिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तिच्यासाठी सगळं घर कामाला लागतं.

मग नाव काढायचं. ढोलाच्या नादात, प्रश्नामागून प्रश्न येत असताना, राब रुग्णाच्या तोंडून आपलं नाव सांगतो. ते पटलं की पुढचं होतं. तिच्या अंगावरून माप घेण्याचा विधी होतो. तिला बळीच्या जनावराला खेटून निजवतात आणि दोघांवर मिळून कापडं पांघरतात. बायका भोवती फेर धरतात, ढोल वाजत राहतात. काही वेळानं ती त्या कापडांखालून उठते. समजूत अशी की ती मेली आणि पुन्हा जन्माला आली. त्यानंतर जनावर कापतात, रक्त तिच्या अंगाला लावतात, आतड्याचे तुकडे तिच्या अंगावर बांधतात. बळीचा हा भाग ऐकताना आपल्यापैकी अनेकांना कसंसं होईल. मलाही होतं. पण त्याच्या पुढच्या पायरीकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. मडकी, झाडाच्या मुळ्या आणि बळीचे काही अवशेष जमिनीत पुरून राबाचं ठाणं बांधलं जातं. राबाला गावाबाहेर काढत नाहीत, जाळत नाहीत, बाटलीत कोंडत नाहीत. तो बाईच्या देहात होता, आता अंगणात बसला. ठरल्या दिवशी तिनं त्याला दूध किंवा पेज वाहायची. आणि ज्या बायकांनी तिच्याभोवती फेर धरला, त्यांच्या मंडळात ती आता दाखल झालेली असते. पुढच्या कुणाच्या न्दॅपमध्ये तिनं नाचायला जायचं.

मनोविकारतज्ज्ञाच्या नजरेनं पाहिलं तर इथे बरंच काही घडलेलं असतं. जिला आपल्याला काय होतंय ते सांगता येत नव्हतं, तिच्या त्रासाला नाव मिळालं. त्या नावाला स्वभाव आहे, मागणी आहे, म्हणजे त्याच्याशी व्यवहार करता येतो. त्याला शरीराबाहेर जागा मिळाली, आणि ती जागा तिच्या हाताशी आहे. आजारानं तिला माणसांतून तोडलं होतं, त्याच आजाराच्या वाटेनं ती नव्या माणसांत आली. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दोष कुठल्याही जिवंत माणसावर गेला नाही. लेबूंमध्ये चेटक्याची आणि करणीचीही कल्पना आहे. तिथे निदान झालं की शेजारी, सवत, भाऊबंद यांच्याकडे बोट जातं. राबाचं निदान झालं की कुणाकडेच बोट जात नाही. कुळानं मान द्यायचा राहिला होता, तो आता द्यायचा, एवढंच.

हा फरक आपल्याकडे जिवावर बेततो. नंदुरबारच्या आदिवासी भागात डाकीण ठरवलेल्या बायकांना मारहाण झाली आहे, गावातून हाकलून दिलं गेलं आहे. एका घरातलं दुखणं बरं करण्याच्या नावाखाली दुसऱ्या घरातली बाई संपते. ज्या उपचाराला आरोपी लागतो, तो कितीही जुना असो, कितीही जणांना त्यानं बरं वाटो, त्याच्या बाजूनं माझ्याजवळ एकही शब्द नाही.

पुन्हा डाकारला येऊ. फ्रेंच अमदानीत सेनेगलच्या मनोरुग्णांचं काय होई? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांतल्या काहींना बोटीत बसवून समुद्रापार मार्सेयच्या इस्पितळात धाडत. तिथे त्यांची भाषा कुणाला येत नसे, आणि त्यांतले पुष्कळ तिथेच मेले. आँरी कोलोंब नावाचे फ्रेंच लष्करी डॉक्टर १९५० च्या दशकाच्या अखेरीस डाकारच्या फान इस्पितळात आले, ते १९७८ पर्यंत राहिले. त्यांनी दोन साध्या गोष्टी केल्या. रुग्णाबरोबर घरचं एक माणूस वॉर्डात राहील, जेवेल, झोपेल, अशी सोय लावली. आणि वोलोफ गावात जशी मंडळी झाडाखाली बसून बोलतात, तशी बैठक इस्पितळात सुरू केली. गावातलं त्या बैठकीचं नाव पेन्च, इस्पितळातही तेच. रुग्ण, नातेवाईक, परिचारिका, डॉक्टर, सगळे एका वर्तुळात. कुणीही बोलावं.

न्दॅप करणाऱ्यांशी कोलोंब यांचं येणं-जाणं होतं. रुग्णाला तिकडे जायचं असेल तर ते अडवत नसत. झेम्पलेनी याच इस्पितळाच्या गोटात काम करत होते. मनोविश्लेषक मारी-सेसील ऑर्तिग आणि तत्त्वज्ञ एदमों ऑर्तिग यांनी फानमधल्या अनुभवावर लिहिलेलं पुस्तक १९६६ मध्ये निघालं, आणि त्याच्या आधल्या वर्षी इस्पितळातून आफ्रिकी मनोविकारांना वाहिलेलं एक नियतकालिक सुरू झालं. कोलोंब यांनी इस्पितळात बैल कापला नाही, ढोलही वाजवले नाहीत. न्दॅपमधून त्यांनी उचलली ती गोष्ट अशी: आजारी माणसाला त्याच्या माणसांतून तोडून बरं करता येत नाही.

हे शहाणपण एकट्या कोलोंब यांचं नव्हतं. नायजेरियात टॉमस अदेओये लाम्बो यांनी १९५४ मध्ये अबेओकुटाजवळच्या आरो इथे इस्पितळाभोवतीच्या खेड्यांत रुग्णांना नातेवाइकांसह ठेवलं, दिवसा उपचार केले, आणि पारंपरिक वैदूंना कामावर घेतलं. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक झाले. आपल्याकडे अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी त्याच दशकात इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या घरच्यांना तिथे राहायला बोलावलं. जागा नाही, पैसा नाही, तरी त्यांनी ते केलं. आमच्या अभ्यासक्रमात त्यांच्यावर एखादा परिच्छेद असतो. तो खूप अपुरा आहे.

आता इथिओपिया, सुदान, इजिप्तकडचा झार. तपशिलात शिरत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. झार बहुतेक बायकांना धरतो, आणि मागण्या करतो: अत्तर, नवं वस्त्र, सोनं, विशिष्ट जेवण. त्या पुरवायच्या नवऱ्यानं. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी १९७१ च्या पुस्तकात मांडलं की ज्यांना उघड तक्रार करायची सोय नाही, त्यांची ही आडवाटेची तक्रार आहे. जॅनिस बॉडी यांनी सुदानमधल्या एका खेड्यात राहून १९८९ मध्ये उत्तर दिलं की एवढंच म्हणणं म्हणजे त्या बायकांना धूर्त ठरवणं आहे. त्या अत्तरासाठी सोंग करत नाहीत. झारमुळे त्यांना स्वतःकडे, आपल्या आयुष्याकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहायला मिळतं. मला दोघांचंही पटतं. तरी आपल्याकडची अंगात येणारी सून आठवली की लुईस यांचं अधिक पटतं. सासूला जी एरवी ‘अहो’ म्हणते, ती अंगात आल्यावर ‘अगं’ म्हणते, आणि सासू तिच्या पाया पडते. त्या घटकेला घरातली सत्ता उलटी झालेली असते, आणि सगळ्यांनी ती मान्य केलेली असते.

आफ्रिकेशी हा धागा नुसत्या तुलनेचा नाही. मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी आपल्या इतिहासात आहेतच. गुजरातेत भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोर या सिद्दी संताचा दर्गा आहे. त्यांची बहीण माई मिस्रा हिच्या ठाण्याला मूल होत नसलेल्या बायका येतात, बाधेच्या तक्रारी घेऊनही लोक येतात. सिद्द्यांच्या ढोलाच्या नाचाला तिथे गोमा म्हणतात. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत ङ्गोमा म्हणजे ढोल, आणि ढोलावर चालणारा आजार बरा करण्याचा विधीही. गुलाम म्हणून, खलाशी म्हणून, शिपाई म्हणून आलेल्या माणसांनी समुद्र ओलांडताना हा उपचारही बरोबर आणला. जर्मन अभ्यासक हेलेन बासू यांनी या ठाण्यांवर दीर्घकाळ काम केलं आहे.

आता आपल्या घरात येतो. महानुभाव पंथाच्या काही देवळांत बाधा झालेल्या, मन बिघडलेल्या माणसांना घेऊन कुटुंबं महिनोन् महिने राहतात. चक्रधरस्वामींच्या पंथात परमेश्वर सर्वोच्च आणि इतर देवता त्याच्या खाली, त्यामुळे तिथे भुताला मान देण्याचा प्रश्न येत नाही. स्वामींच्या स्थानाचा महिमा एवढा की तिथे पीडा उघडी पडते, अशी श्रद्धा. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ व्हिएडा स्कल्टन्स यांनी १९८० च्या दशकात महाराष्ट्रातल्या अशाच एका देवळाचा अभ्यास करून १९८७ मध्ये निबंध लिहिला. तो मी पुन्हा पुन्हा वाचला आहे.

त्यांना काय दिसलं? आजारी असतो मुलगा. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, किंवा जन्मापासून बुद्धी कमी आहे, किंवा फेफरं आहे. त्याला घेऊन आई येते. आरतीच्या वेळी मुलगा कोपऱ्यात गप्प बसून राहतो, आणि घुमायला लागते आई. केस मोकळे सुटतात, ती गडाबडा लोळते, भिंतीवर हात आपटते. तिला काहीही आजार नाही. तिनं देवाला विनवलेलं असतं: याची पीडा माझ्या अंगावर येऊ दे. ती घुमली म्हणजे पीडा मुलातून तिच्यात येते आहे, तो तेवढा मोकळा होतो आहे, अशी तिची खात्री असते.

हे वाचल्यावर आपल्या वॉर्डाबाहेरच्या बाकांवर बसलेल्या बायका मला वेगळ्या दिसायला लागल्या. घरात एकाचं मन बिघडलं की दोषाचा सगळा भार आईवर येतो. तुझंच काहीतरी चुकलं, तुझ्या माहेरचं आहे, तू लाडावलंस. तो भार तिला कुठे ठेवता येत नाही. त्या देवळात तिला काहीतरी करता येतं. तिचं सोसणं मुलाच्या कामी येतंय असं तिला वाटतं, आणि तिच्यासारख्या दहा बायका आजूबाजूला असतात. मुलाचा स्किझोफ्रेनिया त्यानं बरा होत नाही, हे मी तुम्हाला डॉक्टर म्हणून सांगतो. त्याला गोळी लागते, वर्षानुवर्षं लागते. पण त्या आईची काळजी आमच्यापैकी कोण घेतं? तिच्या नावाचा केसपेपर कोण काढतं? त्या देवळात तिला निदान पडायला जागा असते आणि पडल्यावर धरायला हात असतात.

हीच गोष्ट मला टोचतेही. पीडा अंगावर घ्यायची ती नेहमी बाईनं. बायको आजारी पडली म्हणून नवरा देवासमोर घुमतो आहे, असं मी तरी ऐकलेलं नाही. सून आजारी पडली तर बहुतेकदा तिला तिच्या माहेरचेच घेऊन येतात, आणि पुष्कळदा ती माहेरीच राहते. पुरुषासाठी सगळं घर हलतं आणि बाईसाठी एकटी तिची आई. देवाच्या दारी गेलं तरी घरातली उतरंड मोडत नाही. न्दॅपचं वर्णन करताना माझ्या आवाजात जे कौतुक आलं, ते इथे आवरतं घ्यावं लागतं.

आणि आता दुसरी बाजू. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी इथे एका खासगी ‘मनोरुग्ण निवासा’ला पहाटे आग लागली. तिथल्या दर्ग्याच्या कीर्तीमुळे आसपास अशी निवासस्थानं उगवली होती. रुग्णांना साखळदंडानं बांधून ठेवलेलं होतं. २८ माणसं जळून मेली. त्यांना सोडवायला किल्ली वेळेवर आली नाही, एवढं एकच वाक्य मी त्यावर बोलू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं कुठल्याही रुग्णाला साखळीनं बांधायला मनाई केली आहे.

आपल्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, तो त्यांच्या हयातीत झाला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. त्याच्या अनुसूचीतलं अगदी पहिलं कलम भूत उतरवण्याच्या बहाण्यानं बांधून ठेवणं, काठीनं किंवा चाबकानं मारणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं अशा गोष्टींबद्दल आहे. अंगात संचार झाल्याचं भासवून लोकांत भीती पसरवणं हाही गुन्हा आहे. साप-विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून अडवणं हाही. हा कायदा गावागावात पोचायला हवा आणि पोलिसांनी तो वापरायला हवा, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. दाभोलकर स्वतः डॉक्टर होते. दुखणाऱ्या माणसाची टिंगल त्यांनी कधी केली नाही.

काही श्रोते म्हणतील, हे सगळं ठीक आहे, पण देवळात राहून खरंच कुणाला बरं वाटतं याला आधार काय? बंगळूरच्या निम्हान्सच्या डॉ. आर. रघुराम आणि सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या मुथुस्वामी या देवस्थानात मोजमाप करून पाहिलं. २००२ मध्ये ते ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलं. ३१ रुग्ण, बहुतेक गंभीर, स्किझोफ्रेनियासारख्या आजारांचे. सरासरी मुक्काम सहा आठवडे. बरोबर घरचं एक माणूस. औषध नाही, पैसे घेत नाहीत, मारहाण नाही. आणि लक्षात घ्या, खास असा कुठला विधीही नाही. सकाळची साधी प्रार्थना, आवार झाडणं, झाडांना पाणी घालणं, एवढंच. लक्षणांची तीव्रता जवळपास २० टक्क्यांनी घटली. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे यावरून मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. पण काही औषधांनी जेवढा गुण येतो त्याच्या आसपासचा हा आकडा आहे, हे लेखकांनीच नोंदवलं आहे. माझ्या मते तिथे देवानं किती केलं आणि झाडलोटीनं, सोबतीनं, निर्धास्त झोपेनं किती केलं, याचा हिशोब मांडण्यापेक्षा ही तिन्ही आमच्या वॉर्डात का नाहीत, हे विचारणं अधिक उपयोगाचं आहे.

बोलणी करण्याचा मुद्दा पश्चिमेच्या इस्पितळांतही पोचला आहे, आणि तोही एका रुग्णाच्या हट्टामुळे. नेदरलँड्समध्ये पॅट्सी हागे नावाच्या बाईंना आवाज ऐकू येत. त्यांनी आपल्या डॉक्टरांना, मारियस रोम यांना सुनावलं: तुम्ही कधी न दिसलेल्या देवावर विश्वास ठेवता, मग मला खरोखर ऐकू येणाऱ्या आवाजांवर का नाही? १९८७ मध्ये ती दोघं दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात गेली, आवाज ऐकणाऱ्या शेकडो लोकांनी प्रतिसाद दिला, आणि त्यातून आवाज ऐकणाऱ्यांची चळवळ उभी राहिली. आवाज बंदच पडला पाहिजे असा तिचा आग्रह नाही. त्याच्याशी संबंध सुधारला, त्याची दहशत गेली, तरी माणूस जगू शकतो.

लंडनमध्ये ज्युलियन लेफ यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. रुग्णानं आपल्या आवाजाला संगणकावर चेहरा द्यायचा. शेजारच्या खोलीत बसलेला उपचारक त्या चेहऱ्यातून, त्या आवाजात बोलतो. आधी आवाज जसा बोलतो तसाच, टाकून बोलतो. मग रुग्ण उलट उत्तर द्यायला शिकतो, आणि आवाज हळूहळू नमतो. पुढच्या बैठकांत, हा आवाज आयुष्यातल्या कुठल्या माणसाचा, कुठल्या घटनेचा, हे उलगडतं. २०१८ मध्ये १५० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १२ आठवड्यांनंतर साध्या समुपदेशनापेक्षा हा गट सरस होता, २४ आठवड्यांनंतर फरक उरला नाही. मी हे वाचलं तेव्हा रुफिस्कच्या अंगणातली मडकी डोळ्यांसमोर आली. नाव, चेहरा, मागणी, बोलणी, सगळं इथेही आहे. ठाणं मात्र नाही, आणि फेर धरणाऱ्या बायकाही नाहीत. २४ आठवड्यांनी फरक का उरला नाही याचं थोडं उत्तर मला तिथे दिसतं. ते सिद्ध झालेलं नाही, माझा अंदाज आहे.

अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुर्मन यांनी कॅलिफोर्निया, घानातलं अक्रा आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी २० स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांशी बोलून त्यांना ऐकू येणारे आवाज काय म्हणतात हे पाहिलं. अमेरिकेत आवाज हिंसक, अनोळखी, शरीरावर हल्ला करणारे. चेन्नईत अनेकांना ते नातेवाइकांचे वाटत: आंघोळ कर, बाजारात जा, स्वयंपाकाचं बघ. दोन्हीकडे आजार एकच. पण ज्या समाजात माणूस नात्यांत वाढतो, तिथे त्याचे आवाजही नात्यातले होतात. आमच्याकडे येणाऱ्या रुग्णाला ‘ते आवाज खोटे आहेत, लक्ष देऊ नका’ असं पहिल्याच भेटीत सांगणं म्हणूनच मला गैर वाटतं. आधी विचारावं, कोण बोलतं, काय मागतं.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात एका स्वयंसेवी संस्थेनं सरकारच्या मदतीनं दवाखाना चालवला आहे. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं. आलेल्या माणसासाठी ते दुआ करतात आणि मग त्याला आवारातल्याच डॉक्टरांकडे पाठवतात. कुणाला काही सोडावं लागत नाही. मुजावराचा शब्द असल्यामुळे रुग्ण गोळी घेतो, आणि डॉक्टर तिथे असल्यामुळे साखळीची गरज उरत नाही. आपल्याकडे ज्या देवस्थानांत बाधेचे लोक येतात, त्यांच्या विश्वस्तांशी आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांशी या धर्तीवर बोलणी करायला काय हरकत आहे? तिथे मारहाण होत असेल तर पोलीस, होत नसेल तर दवाखाना. दोन्ही एकाच वेळी उभं करता येतं. देवऋषी बदलणार नाही, असं मला सांगतात. काही बदलणार नाहीत. पण ज्याच्याकडे माणसं रांग लावून येतात, त्याला या माणसांचं काय होतं हे आपल्यापेक्षा आधी कळतं. शेताच्या कर्जानं आत्महत्येच्या टोकाला आलेला माणूस पुष्कळदा पहिल्यांदा त्याच्याच दारात बसलेला असतो. त्याला एक फोन नंबर आणि एक ओळखीचा डॉक्टर देणं एवढं अवघड नाही.

आणि इस्पितळांबद्दल. येरवडा, ठाणे, रत्नागिरी, नागपूर ही राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं. जिल्हा रुग्णालयांत आता मानसोपचार विभाग आहेत. या सगळ्यांत रुग्णाबरोबर राहणाऱ्या माणसासाठी एक खाट, दोन वेळचं जेवण आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी वर्तुळात बसून बोलण्याची वेळ, एवढी तरतूद व्हावी. त्या बैठकीत रुग्णाच्या आईनं बाहेरच्या बाधेची गोष्ट काढली तर कुणी हसू नये, आणि तिचा स्वतःचा केसपेपर त्याच दिवशी काढावा. आजच्या सभेत जिल्हा परिषदेचे सदस्य आहेत, आमदार आहेत, दोन रुग्णालयांचे अधिकारी आहेत. या तीन गोष्टींचा खर्च मी कागदावर मांडून आणला आहे. व्याख्यानानंतर तो त्यांच्या हातात देणार आहे.